गाणे तेच, मत कसे द्यावे?



लग्नसराईच्या दिवसांत दिवेलागणीला बेसा चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहा. एकीकडून वरात येते, पुढे भोंग्यांची गाडी. घोगलीकडच्या रस्त्याने दुसरी वरात येते. दोन्हीकडे गाणे एकच, ‘झिंगाट’. पण एका गाडीवर ते मराठीत चाललेले असते, दुसऱ्या गाडीवर हिंदीत. आणि पलीकडच्या मंगल कार्यालयाच्या आवारात बँडवाले तेच गाणे बिनशब्दाचे, नुसत्या वाद्यांवर वाजवीत असतात.

बेसा हे एके काळी नागपूरच्या दक्षिण शिवेवरचे साधे खेडे. आता तेथे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे, उंच इमारती आहेत, आणि बाहेरगावाहून, बाहेरच्या प्रांतांतूनही आलेली माणसे शेजारी-शेजारी राहतात. तेव्हा एकच गाणे तीन तऱ्हांनी कानावर पडावे यात नवल नाही. खरी गंमत पुढेच आहे. वरात निघून गेली की पानठेल्यावर जो वाद रंगतो, तो ऐकण्यासारखा असतो.

एकजण म्हणतो, “मराठीच खरं. हिंदीत त्याची सारी मजाच गेली.”

दुसरा म्हणतो, “काऊन गेली बाप्पा? चाल तर तीच आहे ना!”

तिसरा पोरसवदा, तो म्हणतो, “डीजेवालं सगळ्यात भारी.”

आणि बाकावर बसलेले आजोबा म्हणतात, “आम्हाले तर सारा कल्लाच वाटते.”

चार माणसे, चार मते. मंडळी, यातले एकही मत खोटे नाही. ज्याला जे वाटले ते त्याने सांगितले. पण जरा बारकाईने पाहा. मजा गेली, भारी वाटले, कल्ला वाटला, इथपर्यंत सारे आले. कशामुळे, ते कोणीच सांगितले नाही. आवड सांगणे आणि मत देणे यांत हाच फरक आहे. आवड ही ज्याची त्याची. मत मात्र असे असावे की, ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहता आले पाहिजे. आज आपण तेवढेच शिकू या. एकाच गाण्याची दोन-तीन रूपे समोर आली तर ती ऐकावी कशी, आणि त्यांवर मत द्यावे कसे?

प्रथम ही रूपे ओळखू या. त्यासाठी आपल्या चुलीपाशी जाऊ.

समजा, शेजारच्या माउलीने वांग्याचे भरीत केले. ते तुम्हांला आवडले. तुम्ही कृती विचारून घेतली आणि घरी स्वतः केले. वांगे नवे, हात नवा, कृती मात्र तिचीच. गाण्यात याला ‘कव्हर’ म्हणतात. शब्द तेच, चाल तीच, पण दुसऱ्या गायकाने पहिल्यापासून नव्याने गायिलेले.

आता दुसरा प्रकार. माउलीने केलेले वरणच तुम्ही वाटीत घेतले आणि त्याला आपली लसणाची फोडणी दिली. वरण तिचेच, शिजविलेलेही तिनेच, वरची चव तुमची. हा झाला ‘रिमिक्स’. मूळ गायकाचा आवाज तोच राहतो. त्याच्या भोवतीचा ठेका, वाद्ये आणि वेग बदलतात.

तिसरा प्रकार कृती तीच ठेवून धान्य बदलण्याचा. ज्वारीच्या भाकरीऐवजी तांदळाची भाकरी. गाण्यात चाल तीच ठेवून शब्द दुसऱ्या भाषेचे घातले की हा प्रकार होतो.

आता कोणी विचारील, शिजलेल्या वरणातून मीठ का बाहेर काढता येते? मग ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज वेगळा कसा निघतो? प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर असे की, मोठ्या ध्वनिमुद्रणगृहात सारे एकाच भांड्यात शिजवीत नाहीत. गायकाचा आवाज एका पट्टीवर, ढोल दुसऱ्या पट्टीवर, तंतुवाद्ये तिसऱ्या पट्टीवर, असे वेगवेगळे मुद्रित करून ठेवतात. पूर्वी हे चुंबकीय फितीवर होत असे, आता संगणकावर होते. शेवटी या साऱ्या पट्ट्या कमीजास्त करून एकत्र करतात, आणि जे तयार होते ते आपण ऐकतो. ज्याच्यापाशी सुट्या पट्ट्या आहेत, तो ढोल काढून दुसरा ठेका घालू शकतो. रिमिक्सचे सारे गुपित एवढेच आहे.

इतके लक्षात ठेवून पुन्हा ‘झिंगाट’कडे येऊ.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी आला. गाणी अजय-अतुल या बंधूंची. ‘झिंगाट’चे शब्द त्यांचे, चाल त्यांची आणि गायनही त्यांचेच. याच चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांनी हॉलिवूडला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले होते; पण कथा सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा भागातल्या मातीची, आणि बोली तिकडचीच. पुढे २० जुलै २०१८ रोजी त्या कथेवरचा ‘धडक’ हा हिंदी चित्रपट आला. कथा राजस्थानात, उदयपूरला नेली. ‘झिंगाट’ची चाल तीच राहिली, गाणारेही अजय-अतुलच राहिले. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिले.

हे हिंदी गाणे बाहेर पडताच मराठी श्रोत्यांत मोठी चर्चा झाली. पुष्कळांनी नापसंती कळविली. काहींना आपले गाणे देशभर पोचले याचा आनंद झाला. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलले. पण गुरुजनहो, हे उदाहरण वर्गात घेण्यासारखे आहे असे मी म्हणतो त्याचे कारण निराळेच आहे. शाळेत शास्त्राचा प्रयोग करताना आपण काय करतो? दोन कुंड्या घेतो. माती तीच, पाणी तेवढेच, बी तेच. एक कुंडी उन्हात, दुसरी अंधारात. फरक पडला तर तो उजेडामुळे, हे मग पोराला सांगावे लागत नाही. येथेही जवळजवळ तसेच आहे. चाल तीच, गळे तेच. बदलले ते मुख्यतः शब्द. तेव्हा ज्याला “मजा गेली” असे वाटते, त्याची मजा चालीत नव्हती, शब्दांत होती. त्याला ठाऊक नसेल, पण तो आपल्या भाषेविषयी बोलत होता.

‘झिंगाट’ हा शब्दच घ्या. आपल्याकडे झिंगणे म्हणजे काय, झिंग चढणे म्हणजे काय, हे लहान पोरालाही समजते. त्याला ‘आट’ जोडले की सुसाट, भन्नाट, मोकाट यांच्या पंगतीला तो शब्द जाऊन बसतो. ऐकताच अर्थ कळतो आणि अंगात वाराही भरतो. हिंदी गाण्यात हा शब्द तसाच ठेवला आहे. परंतु हिंदीच्या रोजच्या बोलण्यात तो नाही. तेथे तो अर्थाचा शब्द राहत नाही, नुसता नाद उरतो. नाद छान आहे, नाचायला पुरतोही. म्हणून दुसऱ्या श्रोत्याचे म्हणणेही चूक नाही. चाल तीच आहे, ठेका तोच आहे, आणि ज्याला नाचावयाचे आहे त्याचे काही अडत नाही. एक श्रोता शब्द ऐकत होता, दुसरा चाल ऐकत होता. भांडण गाण्याचे नव्हतेच. आपण काय ऐकतो, याचे ते भांडण होते.

हे कळले म्हणजे वाद संपतो असे नाही, पण वादाला मुद्दा सापडतो.

आता ‘कव्हर’चे आपले स्वतःचे, घरचे उदाहरण पाहू. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. नभोवाणीवर ती अनेक गायक-गायिकांनी गायिली. रामाची गीते फडके गात, सीतेची बहुतेक माणिक वर्मा गात, कौसल्येसाठी ललिता फडके यांचा आवाज होता. पुढे सुधीर फडके यांनी गावोगावच्या मैफिलींत सारी गीते एकट्याने गायिली. म्हणजे सीतेचे गीत एकदा बाईच्या आवाजात, एकदा पुरुषाच्या आवाजात. शब्द तेच, चालही तीच.

यात खरे कोणते? असा प्रश्न विचारला तर उत्तर सापडत नाही. पण, काय बदलले? असे विचारा, उत्तर लगेच मिळते. पहिल्या प्रकारात सीता स्वतः बोलते, ते नाटक आहे. दुसऱ्या प्रकारात एक कथेकरी सीतेची गोष्ट आपल्याला सांगतो, ते कीर्तन आहे. नाटक चांगले की कीर्तन चांगले, यावर कोणी हातघाईवर येत नाही. पुढे गीतरामायणाची अनेक भारतीय भाषांत, मूळ चालीवर म्हणता येतील अशी भाषांतरेही झाली. चांगल्या चालीचे घर मोठे असते, पुष्कळ पाहुणे त्यात मावतात.

रिमिक्सबद्दल मात्र आपल्याकडे जास्त राग दिसतो. १९७२ सालच्या ‘समाधी’ चित्रपटातले लता मंगेशकर यांचे ‘काँटा लगा’ हे गाणे २००२ मध्ये नव्या ठेक्यावर आले आणि त्यावरून घरोघर वाद झाले. स्वतः लताबाईंनी २०१८ मध्ये, जुन्या गाण्यांची अशी मोडतोड करण्याविषयी जाहीर नापसंती बोलून दाखविली होती. त्या काळच्या पुष्कळ ‘रिमिक्स’ गाण्यांत आवाजही नव्या गायिकेचा असे. म्हणजे आपल्या व्याख्येने ते अर्धे कव्हर, अर्धे रिमिक्स. नाव एक आणि वस्तू दुसरी असली की मत द्यायला अडचण पडते. म्हणून आधी ओळखा, मग बोला.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. इंग्लंडात मँचेस्टर गावच्या ‘न्यू ऑर्डर’ या बँडने १९८३ साली ‘ब्लू मंडे’ नावाचे साडेसात मिनिटांचे गाणे बारा इंची तबकडीवर काढले. एवढे लांब गाणे नभोवाणीच्या वेळात बसविणे कठीण, पण नाचघरांतून ते गाजले. १९८८ साली त्याच गाण्याचा रिमिक्स निघाला. १९९८ साली ‘ऑर्जी’ नावाच्या अमेरिकन रॉक बँडने कर्कश गिटारींवर त्याचे कव्हर केले. एकाच पंधरा वर्षांत एका गाण्याची तीन रूपे झाली. म्हणजे पानठेले तिकडेही असणारच!

आता मत देण्यापूर्वी दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी लागते.

पहिली खबरदारी आवाजाच्या मोठेपणाची. दोन रूपांपैकी जे थोडे मोठ्याने वाजते, ते कानाला अधिक चांगले वाटते. माणसाच्या कानाचा हा धर्मच आहे. म्हणून तुलना करताना दोन्ही एकाच पातळीवर वाजवा. उलट, आवाज प्रमाणाबाहेर गेला की कोणतेही गाणे कल्लाच वाटणार. आपले आजोबा गाण्यावर रागावले नव्हते, भोंग्यावर रागावले होते. भोंग्यासाठी निराळे नियम आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावयाचा आहे. ती तक्रार जरूर करा, पण ती गाण्याच्या खात्यावर मांडू नका.

दुसरी खबरदारी पहिल्या ओळखीची. जे रूप आपण आधी आणि वारंवार ऐकले, तेच आपल्याला ‘मूळ’ वाटू लागते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, नुसती ओळख वाढली तरी आवड वाढते. ज्या पोराने हिंदी ‘झिंगाट’ आधी ऐकले, त्याला मराठीच नक्कल वाटेल. त्याला हसू नका. आपणही अशा किती नकलांना मूळ समजून बसलो आहोत, कोण जाणे!

आता थोडे हक्काविषयी, कारण येथे प्रश्न पोटाचाही आहे. आपल्या देशात १९५७ चा प्रताधिकार कायदा आहे. त्याप्रमाणे शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर, मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे तरी कव्हर काढता येत नाही. काढावयाचे तर आधी कळवावे लागते, आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत वा चालीत फेरफार संमतीवाचून चालत नाही. वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा छायाचित्र टाकून गिऱ्हाइकाला चकविता येत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्याने मोकळीक दिली आहे. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी, शाळेतल्या मंडळींपुढे आणि पालकांपुढे गाणे सादर करण्यासही मोकळीक आहे. पण त्याचेच चित्रण करून जगभर पसरविणे, ही बाब निराळी.

मंडळी, कायदा राखतो तो ज्या गाण्याला धनी आहे त्याला. ज्याला धनी नाही, त्याचे काय? आपल्या विदर्भात कोजागिरीच्या सुमारास मुली भुलाबाई मांडतात. टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायला लावतात. ही गाणी गावागणिक बदलतात. एका गावात एक ओळ, शेजारच्या गावात दुसरी. यातले मूळ कोणते? कोणतेच नाही, किंवा सारीच मूळ. प्रत्येक मुलगी आपल्या आईच्या गाण्याचे ‘कव्हर’ करते, आणि विसरलेल्या जागी स्वतःची ओळ घालते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने घ्या. त्यांना कर्ता आहे, तरी प्रत्येक भजनी मंडळाची म्हणण्याची ढब निराळीच असते.

येथे खरी काळजीची जागा आहे. ‘झिंगाट’ मराठीत राहिले की हिंदीत गेले, याने ते बुडणार नाही. त्याचे ध्वनिमुद्रण आहे, त्याला कर्त्याचे नाव आहे. पण ज्या आजीला भुलाबाईची वीस गाणी येतात, तिच्यापाठी ती कोणाला येणार? खेड्याचे उपनगर झाले, अंगणाच्या जागी गाड्या उभ्या राहिल्या, की टिपऱ्या कोठे खेळावयाच्या? आणि घरात “हे काय गावंढळ गाणं!” असे एकदा पोरीच्या कानी पडले, की ती पुन्हा तोंड उघडत नाही. बोलीतली मजा ओळखणारा कान तयार झाला नाही, तर भोंग्यावर वाजेल तेवढेच गाणे, असे पोरांना वाटू लागेल. मत देण्याची सवय मी सांगतो आहे ती याचसाठी.

ही सवय लावावी कशी? त्याला जुना, पारखलेला मार्ग आहे. १९५६ साली आकाशवाणीने पुणे केंद्रावरून, युनेस्कोच्या मदतीने, पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांसाठी ‘रेडिओ ग्रामीण मंच’ चालविला होता. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. शेतीच्या प्रश्नांसाठी जी रीत चालली, ती गाण्यासाठी का चालू नये?

गुरुजी, बाई, शनिवारची अर्धा तासाची तासिका पुरे. एका गाण्याची दोन रूपे निवडा. दोन्ही सारख्याच आवाजात ऐकवा. आधी मुलांना विचारा, यातले कोणते पूर्वी ऐकले होते? मग फळ्यावर चार घरे आखा. शब्द, चाल, गळा, वाद्ये आणि ठेका. प्रत्येक घरात काय तसेच राहिले आणि काय बदलले, ते मुलांकडूनच भरून घ्या. आवडले की नाही, हे सर्वांत शेवटी विचारा. आणि पुढच्या शनिवारी मुलांना घरून भुलाबाईचे एकेक गाणे आणायला सांगा. आजीची परवानगी घेऊन ते मोबाइलमध्ये मुद्रित करा. तिचे नाव, गाव आणि साल वहीत टिपून ठेवा. ज्याला धनी नव्हता, त्याला निदान एक नाव मिळेल.

मोठ्यांनीही असेच करावे. आकाशवाणीला पत्र लिहिताना “गाणे फार आवडले, पुन्हा ऐकवा” एवढेच लिहू नका. त्याने आम्हांला आनंद होतो, पण कळत काही नाही. समजा, तुम्ही असे लिहिले : “आपण अमुक गीत दोन आवाजांत ऐकविले. पहिल्यात शब्द स्पष्ट कळले. दुसऱ्यात ठेका वाढविल्यामुळे कडव्यातले दुःख हरवले. पहिले मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, हेही सांगितले पाहिजे.” चारच वाक्ये, पण त्यांत काय, कशामुळे आणि सांगणारा कोण, हे तिन्ही आले. असे पत्र कार्यक्रम ठरविणाऱ्याच्या टेबलावर वजनदार ठरते.

तर मंडळी, पुढच्या वेळी वरात गेल्यावर वाद झाला, तर जरूर पडा त्यात. फक्त एक प्रश्न आधी विचारा, “बाप्पा, बदललं काय, ते सांग!” उत्तर शोधता शोधता त्या माणसाला गाणे दुसऱ्यांदा ऐकावे लागेल. दुसऱ्यांदा ऐकलेले गाणेच खरे ऐकलेले असते.